अर्धं सूत

मिस्त्रीने रंधा फळीच्या मधोमध थांबवला, मोकळा हात हवेत धरला आणि म्हणाला, "आणि इथे, बाई, इथे तो चेंडू थांबला."

मोडकी तिपाई दुरुस्तीला घेऊन आलेल्या शिक्षिकाबाई ती पोटाशी धरून तशाच उभ्या होत्या. ठेवा म्हणायचं मिस्त्रीला सुचलं नव्हतं आणि ठेवायचं बाईंना.

"थांबला म्हणजे?"

"थांबला म्हणजे थांबला. पुढे दोन निळे चेंडू, दारावरच्या पहारेकऱ्यांसारखे. मधली फट केवढी? पोस्टकार्ड सरकेल एवढी. आमचा लाल चेंडू तिथवर आला. डावीकडच्याकडे पाहिलं, उजवीकडच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, जरा अंग चोरून घेता का?"

"चेंडू म्हणाला?"

"मनात म्हणाला. पण त्या दोघांनी ऐकलं. हा मधून गेला आणि पांढऱ्याच्या गालाला असा जाऊन टेकला की पंचाने मोजायला पट्टी घातली, तर पट्टीच आत जाईना."

शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला किल्ली घासत दारात येऊन उभा होता. ही गोष्ट सुरू झाली की तो हातातलं काम घेऊनच यायचा.

"गेल्या वर्षी त्या फटीतून पुस्तक सरकत होतं," तो म्हणाला. "आता पोस्टकार्डावर आलंय. आणखी दोन वर्षांनी चेंडूला भिंतीतून जावं लागणार बघा."

"तू होतास का तिथे?"

"मी नव्हतो. पण तू तरी कुठे पाहिलंस? तुझी पाठ होती ना?"

"सुताराच्या पाठीलाही डोळे असतात," मिस्त्री म्हणाला आणि खिडकीकडे वळला. "काय सरकार, खोटं बोलतोय का मी?"

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण बसली होती. तिच्या कपाळावर पट्टा होता आणि पट्ट्याला एक बारीक काठी. काठीच्या टोकाने ती संगणकावर कपाटाचं चित्र काढत होती. तिचे हातपाय जन्मापासून तिचं ऐकत नसत. बाकी सगळं जग ऐकत असे, म्हणून तर मिस्त्री तिला सरकार म्हणायचा.

"दादा सांगतो म्हणजे तसंच असणार," ती मान न वळवता म्हणाली.

वीस वर्षं तिचं हेच उत्तर होतं. त्यात ना हो होतं, ना नाही.

बाई तिपाई ठेवून, हसत गेल्या. काटकोन तपासायचा गुण्या टांगायच्या खिळ्यावर, गुण्याच्या मागे, एक कांस्यपदक लटकत होतं. त्याच्याकडे जाताजाता त्यांनी एकदा पाहून घेतलं.

ते पदक मात्र शंभर नंबरी खरं होतं. वीस वर्षांपूर्वी, जगभरातले अपंग खेळाडू जिथे जमतात त्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, सरकारने ते जिंकलं होतं. खेळ साधा. आधी एक पांढरा चेंडू टाकायचा आणि मग आपले सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन सोडायचे. खेळाचं खरं नाव परदेशी, पण मराठी कानांना भलतंच ऐकू येणारं; ते चारचौघांत घेतलं की ऐकणारा आधी हसे आणि मग खोकल्याचं नाटक करी; म्हणून घरात त्याला नुसतं 'चेंडू' म्हणत. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही त्यांच्यासाठी एक उतरती पन्हळ असते. चेंडू पन्हळीच्या माथ्यावर ठेवायचा आणि कपाळाच्या काठीने सोडायचा. पन्हळ हलवायला एक मदतनीस असतो. खेळाडू सांगेल तेवढीच त्याने पन्हळ फिरवायची. तोंडातून शब्द काढायचा नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि त्याने कायम मैदानाकडे पाठ करून, खेळाडूकडे तोंड करून बसायचं. मागे वळून पाहिलं की दंड.

म्हणजे तिचा मदतनीस असलेला मिस्त्री त्या स्पर्धेतल्या सगळ्या सामन्यांना पहिल्या रांगेच्याही पुढे बसून आला होता आणि त्याने एकही चेंडू थांबताना पाहिला नव्हता.

पन्हळ त्याने स्वतः बनवली होती. तिच्या बैठकीवर त्याने खुणांची पट्टी चिकटवली होती, सुतासुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; सुताराला त्याच्यापलीकडे फार काही लागत नाही. "डावीकडे दोन सूत", "उजवीकडे एक", असं बहीण म्हणायची आणि भाऊ पन्हळीचा काटा त्या खुणेवर नेऊन ठेवायचा. परक्या देशांतले पंच हे सूत काय प्रकरण आहे म्हणून चक्रावले होते. घरी परतल्यावरही तीच भाषा चालू राहिली. दुकानात तिची नजर आणि त्याचे हात, असं दोघांचं मिळून एक सुतारकाम चालायचं.

"त्या तिपाईचा मागचा पाय एक सूत बाहेर चाललाय," ती आत्ताही म्हणाली.

"अजून मी हात नाही लावला तिला."

"म्हणूनच आधी सांगितलं."

त्याच वेळी दारात एक मुलगी आली. खांद्याला पिशवी, हातात कागद. खेळाडूंच्या संस्थेतून आले, म्हणाली. त्या स्पर्धेला वीस वर्षं झाली म्हणून संस्था रविवारी सभागृहात आठवणींचा कार्यक्रम करत होती. दोघांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्यायला तिला पाठवलं होतं.

"बस, बस," मिस्त्रीने भुसा झटकून एक खोकं पुढे केलं. "कुठून सांगू? शेवटच्या चेंडूपासूनच सांगतो, बाकी काय—"

"काका, एक मिनिट. त्याआधी एक गंमत आहे." मुलीने पिशवीतून लॅपटॉप काढला. "तुमचा सामना दोन नंबरच्या मैदानावर होता ना? तिथे टीव्हीचा कॅमेरा नव्हता, असंच सगळे समजत होते. पण दुसऱ्या एका खेळाडूच्या आईने मागच्या भिंतीपाशी उभं राहून चित्रण केलं होतं. ते गेल्या आठवड्यात सापडलं. शेवटचा डाव पूर्ण आहे! रविवारी मोठ्या पडद्यावर लावणार आहोत."

मिस्त्रीच्या हातातला रंधा फळीत रुतला आणि एक जाड ढलपी निघाली. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं झालं नव्हतं.

"अरे वा!" कुलूपवाला आत येऊन उभा राहिला. "आता कळेल पोस्टकार्ड की पुस्तक."

"आत्ता नको," मिस्त्री म्हणाला. "इथे भुसा आहे. यंत्रात जाईल."

"काही नाही होत, काका."

"आणि या तिपाईचा पाय बसवायचाय. सरस गरम आहे, गार झाला की फुकट जातो."

"मग बसव," खिडकीतून आवाज आला. "आम्ही थांबतो."

मिस्त्रीने तिपाई उलटी केली. पाय बसवायला त्याला एरवी पाच मिनिटं पुरत. आज त्याने तीनदा पायाची कूस, म्हणजे खोबणीत बसणारं टोक, घासली, दोनदा सरस पुसला. चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर भर दुपारचं ऊन पडलेलं.

कारण गोष्टीतली फट पोस्टकार्डाची होती की पुस्तकाची, याची त्याला फिकीर नव्हती. खोटं पकडलं गेलं तर तो स्वतःच सगळ्यांत आधी हसला असता. त्याला भीती होती ती गोष्टीतल्या एका खऱ्याची, जे त्याने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

शेवटचा डाव. गुण समान. समोरच्याचे चेंडू संपलेले, आपला एक लाल उरलेला. घड्याळात जेमतेम अर्धं मिनिट. मिस्त्रीची पाठ मैदानाकडे. पण कान तर उघडे होते. आधीचे दोन्ही लाल चेंडू निळ्यांवर आपटले तो आवाज त्याने ऐकला होता, आणि तो आवाज भरीव नव्हता. हातोडी खिळ्याच्या डोक्यावर बसते तेव्हा एक आवाज येतो, कडेला लागून घसरते तेव्हा दुसरा. हा दुसरा होता. दोन्ही वेळा डावीकडून घसरलेला. सरकार केसभर जास्त डावीकडे जात होती आणि तिच्या डोळ्यांना ते कळत नव्हतं. निदान मिस्त्रीला तसं वाटलं.

मग ती म्हणाली, "डावीकडे एक सूत."

आणि त्याने अर्धं दिलं.

अर्धं सूत म्हणजे तसं काय? पण पन्हळीच्या तोंडाशी अर्धं सूत हललं की सहा मीटरांवर बोटभर फरक पडतो, आणि त्या बोटभरात पदक होतं. चेंडू गेला, भरीव आवाज आला, लोक ओरडले. तिचे डोळे भरून आले तेव्हा तो अजून पाठ करूनच बसला होता.

नियम मोडला, हे तर झालंच. पण पहिल्या सरावाच्या दिवशी त्याने बहिणीला शब्द दिला होता, "मी नुसता हात. डोकं तुझं." जन्मभर दुसऱ्यांच्या हातांनी जगलेल्या बाईला हे एकच ठिकाण असं मिळालं होतं, जिथे तिने म्हटलं तेवढंच आणि तेच व्हायचं. नेमकं तिथेच, नेमकं शेवटच्या चेंडूला, त्याने आपलं डोकं घातलं. ते कळलं, तर खिळ्यावरचं पदक तिचं राहणार नव्हतं. कोणी काढून नेलं नाही, तरी राहणार नव्हतं. म्हणून वीस वर्षं तो ती गोष्ट फुगवत आला. चेंडू बोलला, पहारेकरी बोलले, गर्दीत एका म्हाताऱ्याची कवळी पडली; एवढ्या गलक्यात अर्ध्या सुताकडे कोणाचं लक्ष जातंय?

आणि खरं सांगायचं तर, कधीकधी एकटाच रंधा मारताना त्याचे ओठ आपोआप हसायचे. तेवढं चांदणंही मनात होतंच.

"झालं का?" कुलूपवाल्याने विचारलं. "का आता पॉलिशही करणार?"

मिस्त्रीने तिपाई जमिनीवर उभी केली. ती डुगडुगली नाही. आता काही इलाज नव्हता.

"लाव," सरकार म्हणाली.

मुलीने लॅपटॉप रंध्याच्या टेबलावर ठेवून सुरू केला. चित्र जरा हलत होतं. समोर सरकारच्या खुर्चीची पाठ, तिची मान, कपाळपट्ट्याची गाठ. तिच्या पलीकडे पन्हळ. आणि पन्हळीपलीकडे, थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून, एक काळ्या केसांचा माणूस गुडघ्यावर बसला होता.

"हा कोण रे देखणा?" कुलूपवाला म्हणाला.

मिस्त्री आपलाच चेहरा पाहत होता. त्याला वाटायचं, आपण त्या वेळी अगदी दगडासारखे बसलो होतो. पडद्यावरच्या माणसाच्या तोंडावर मात्र सगळा सामना चालू होता. चेंडू आपटला की भुवई उडत होती, घसरला की ओठ दुमडत होते. आंधळ्यालाही गुण सांगता आले असते.

मागे पंचाचा आवाज आला. मग लॅपटॉपमधून सरकारचा आवाज, वीस वर्षांनी लहान: "डावीकडे एक सूत."

पडद्यावरचा हात काट्याकडे गेला. थोडा हलला. थांबला.

मिस्त्रीला पुढचं सगळं पाठ होतं. त्याच्या आठवणीत यानंतर लगेच चेंडू सुटायचा. हात निघाला, काठी लागली, चेंडू गेला. वीस वर्षं हे तिन्ही एका दमात घडत आलं होतं.

पडद्यावर चेंडू सुटला नाही.

सरकारची मान खाली वाकली. नीट, हळू, पट्टीकडे. तिथे ती थांबली. मग मान वर झाली आणि समोरच्या माणसाकडे पाहत राहिली. मग मैदानाकडे. मग पुन्हा पट्टीकडे. कोणीतरी उरलेले सेकंद मोजल्याचा आवाज आला. तिने बोलायला तोंड उघडलं होतं की काय कोण जाणे, पाठीमागून ते दिसत नव्हतं. गालाची कड तेवढी हलली. मग तिने डोकं पुढे नेलं, आणि काठी चेंडूला लागली.

चेंडू पन्हळीवरून उतरला, मैदानात शिरला, आणि नेमक्या त्या क्षणी पुढच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ उभे राहिले. पडदाभर त्यांची पाठ. टक्, असा एक भरीव आवाज आला आणि गलका झाला. चित्रण संपलं.

"हात्तिच्या!" कुलूपवाला म्हणाला. "याचीही पाठच!"

मुलीचा चेहरा पडला. "मी शेवट पाहिलाच नव्हता," ती म्हणाली. "वेळ मिळाला नाही, सरळ उतरवून घेतलं आणि निघाले. थांबा, ऑफिसात फोन करते, दुसरी प्रत असेल तर." ती फोन घेऊन बाहेर गेली. कुलूपवाल्याच्या गाळ्यापुढे एक गिऱ्हाईक घंटा वाजवत होतं. तोही कुरकुरत गेला.

दुकानात भाऊ आणि बहीण उरले.

मिस्त्रीने ढलपी उचलली आणि बोटांत मोडली.

"किती वेळ थांबली होतीस तू?" त्याने विचारलं.

"मोजला नाही."

"काय बघत होतीस?"

"पट्टी."

त्याने ढलपीचे आणखी दोन तुकडे केले.

"अगं, मग बोलली का नाहीस? म्हणायचं ना, दादा, अजून अर्धं सूत."

"म्हणणार होते."

"मग?"

सरकारने खिडकीबाहेर पाहिलं. लांब वाक्यं बोलायची झाली की ती आधी दम साठवायची.

"पाच वर्षं सराव केला आपण. तेवढ्या काळात तू एकदाच माझं ऐकलं नाहीस. म्हटलं, उगाच नसेल. तुझं तोंड पाहिलं. तुझं तोंड कसं असतं ते पाहिलंस ना आत्ता? मग मैदान पुन्हा पाहिलं. आणि सोडला."

"म्हणजे तुला तेव्हाच—"

"माझ्या नाकासमोर होती पट्टी, दादा. तुझी पाठ मैदानाकडे होती. माझी नव्हती."

वीस वर्षं जे त्याने लाकडाच्या पोटात खिळ्यासारखं ठोकून ठेवलं होतं, त्याचं डोकं पहिल्या दिवसापासून वरच होतं. मिस्त्रीला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच वेळी काहीतरी हातचं गेल्यासारखंही वाटलं. पाप गेलं ते गेलं, पराक्रमही गेला.

"एवढी वर्षं मी काय काय सांगत होतो लोकांना," तो म्हणाला. "एकदा तरी बोलायचंस."

"तू मजेत होतास."

"आणि पूर्ण सूत दिलं असतं तर? काय झालं असतं?"

"तर तू कोणाला काही सांगितलं नसतंस," ती म्हणाली. मग तिनेच पुढे जोडलं, "मीही."

मुलगी आत आली. दुसरी प्रत नव्हती. "काही हरकत नाही," ती म्हणाली. "चित्रण चेंडू सुटेपर्यंत दाखवू आणि पुढे तुमचा आवाज लावू. उलट मजा येईल." तिने फोन ध्वनिमुद्रणाला लावला आणि इकडेतिकडे पाहून नुकताच पाय बसवलेल्या तिपाईवर ठेवला. "बोला काका. शेवटचा चेंडू."

कुलूपवाला एव्हाना परत दारात होता, हातात नवी किल्ली.

मिस्त्रीने घसा साफ केला. पोस्टकार्ड तयार होतं, पहारेकरी तयार होते.

"मी काय सांगणार?" तो म्हणाला. "माझी पाठ होती. त्यांना विचार, सरकारना."

कुलूपवाल्याच्या हातातली किल्ली घासायची थांबली.

मुलीने तिपाई उचलून खिडकीपाशी नेली. मिस्त्री फळीकडे वळला आणि रंधा हातात घेऊन, दोघींकडे पाठ करून उभा राहिला. रंधा मात्र त्याने चालवला नाही.

सरकारने दम साठवला.

"चेंडू निघाला," ती म्हणाली. "अर्ध्या वाटेवर गेला, थांबला, आणि त्याने मागे वळून दादाकडे पाहिलं."

"चेंडूने?" मुलीने विचारलं.

"हे नवीन आहे," कुलूपवाला म्हणाला.

"दादाला वळायची परवानगी नव्हती ना. कोणीतरी वळायला हवं होतं." ती थांबली. मान किंचित तिरपी करून तिने तिपाईकडे पाहिलं. "दादा, आवाज नीट येत नसेल तिथून. तिपाई डावीकडे घे. एक सूत."

मिस्त्री वळला, खाली वाकला आणि तिपाईचा पाय धरून सरकवला.

सरकारने जमिनीकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.